लोखंडी भीम आणि हलते पोते

महाभारतात एक लोखंडी भीम आहे. युद्ध संपल्यावर पुत्रशोकाने जळणारा धृतराष्ट्र भीमाला आलिंगनाच्या मिषाने चुरडून टाकणार हे ओळखून श्रीकृष्णाने त्याच्यापुढे जो लोखंडी पुतळा सारला, तो सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु ऐन वेळी तो पुतळा तेथे आला कोठून, हा प्रश्न फार थोड्यांना पडतो. व्यासांनी त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. तो पुतळा दुर्योधनाने करविला होता. पांडव वनात आणि अज्ञातवासात दिवस काढीत असता तेरा वर्षे दुर्योधन त्या लोखंडी भीमावर गदेचे हात करीत होता. त्या मेहनतीचे फळ त्याला मिळाले नाही असे कोणी म्हणू नये. बळाने भीम अधिक असला तरी कसबात दुर्योधनच वरचढ आहे, हे श्रीकृष्णालाही मान्य करावे लागले. आणि तरीही दुर्योधन पडला. का पडला, याची नीतीच्या अंगाने पुष्कळ चर्चा झाली आहे. आम्हांस मात्र त्यात एक निराळीच गोष्ट दिसते. लोखंडी भीमाने तेरा वर्षांत एकदाही जागा सोडली नव्हती, आणि तेरा वर्षांत एकदाही त्याने मांडीवर गदा घातली नव्हती.

विद्यार्थी मित्रहो, या लोखंडी भीमाची आठवण होण्यास कारण असे की, गेली दोन वर्षे आम्ही एका पोत्याच्या नादी लागलो आहोत. ज्यास सर्वत्र पंचिंग बॅग म्हणतात आणि आपल्या शाळेत सारेजण नुसते 'पोते' म्हणतात, ते पोते कसे टांगावे, म्हणजे ते माणसासारखे हलेल, हा आमच्यापुढील प्रश्न. मराठी आणि इतिहास शिकविणाऱ्या मास्तराने कप्प्या, कड्या आणि साखळ्या यांत लक्ष घालावे, हे शिक्षकांच्या खोलीत काही दिवस विनोदाचा विषय होऊन राहिले. 'यमक जुळवावयाचे सोडून आता बेअरिंग जुळवता काय?' असे आमच्या एका सन्मित्रांनी विचारलेही. त्यास आम्ही उत्तर दिले नाही. उत्तर आता या लेखात देत आहोत.

आम्ही मूळचे समुद्राकडचे. आमची मातृभाषा कोकणी, शिकवावयाची भाषा मराठी, आणि बेळगावच्या बाजारात भाजी घेताना गरजेपुरती कन्नड. लहानपणी शेजारच्या मुलांशी मारामारी करून घरी आलो की आमची आजी जखमेवर हळद दाबीत म्हणावयाची, "मारपाक सगळ्यांक येता, चुकोवपाक शिक." मारावयास सर्वांनाच येते, चुकवावयास शीक. मुष्टियुद्धाचे सारे शास्त्र या पाच शब्दांत आहे, हे आम्हांस पुढे, शाळेने मुष्टियुद्धाच्या वर्गाची देखरेख आमच्याकडे सोपविल्यावर, कळून आले.

हा वर्ग शाळा सुटल्यावर भरतो. बेळगाव हे तालमींचे गाव. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र येथे असल्यामुळे शिस्तीचे आणि मर्दानी खेळांचे वारे मुलांच्या अंगात लहानपणापासून शिरलेले असते. त्यातच २०१२ साली मेरी कोमने लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक मिळविले आणि निजामाबादच्या निखत झरीनने २०२२ व २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे जगज्जेतेपद जिंकले, तेव्हापासून मुलीही मागे राहावयास तयार नाहीत. वर्गात एकंदर एकवीस मुले येत होती, त्यांपैकी आठ मुली.

अशा वर्गात एके संध्याकाळी एक माउली आल्या. त्यांचा मुलगा आठवीत. शहरातल्या एका स्पर्धेत त्याच्या कानशिलाजवळ ठोसा बसला होता. तो पडला नाही, रडला नाही, रक्तही आले नाही. परंतु दोन दिवस त्याचे डोके दुखत राहिले, आणि पुस्तक उघडले की अक्षरे सरकतात असे तो म्हणू लागला. डॉक्टरांनी पंधरा दिवस विश्रांती सांगितली आणि तो बरा झाला. त्या माउली भांडावयास आल्या नव्हत्या. त्यांनी एवढेच म्हटले, "सर, पोराला खेळाची आवड आहे, मला ती मोडायची नाही. पण त्याच्या डोक्याला काही होणार नाही, असं तुम्ही मला लिहून द्या." असे कोणालाही लिहून देता येत नाही. मुख्याध्यापकांनी आम्हांस बोलावून सांगितले की, डोक्यावर ठोसा न खाता हा खेळ शिकविता येत असेल तर वर्ग चालू ठेवा, नाही तर दिवाळीनंतर तो बंद करू.

मुख्याध्यापकांचे म्हणणे कठोर वाटेल, परंतु ते निराधार नव्हते. १९२८ साली हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन वैद्याने, पुष्कळ ठोसे खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांची चाल पुढे लटपटू लागते, बोलणे जड होते आणि बुद्धी मंदावते, हे वैद्यकाच्या पत्रात लिहून जगापुढे मांडले. तेव्हापासून हा विषय शास्त्राच्या दृष्टीआड झालेला नाही. २०११ साली अमेरिका आणि कॅनडा येथील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून, मुलांनी व किशोरांनी मुष्टियुद्ध खेळू नये, असे स्पष्ट मत दिले. 'डोक्याला टोप घातला म्हणजे झाले,' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. टोपाने कातडी फुटत नाही, हाड वाचते, हे खरे. पण मेंदू कवटीच्या आत द्रवात असतो. ताकाच्या बरणीत लोण्याचा गोळा तरंगत असावा, बरणीला बाहेरून चार घड्या घोंगडे गुंडाळावे आणि मग बरणी हिसडावी. काच फुटणार नाही, पण गोळा आतल्या भिंतीवर आदळावयाचा तो आदळेलच.

मग उरला एकच मार्ग. मुलांनी एकमेकांस मारू नये, पोत्यास मारावे. पण येथेच लोखंडी भीम आडवा येतो. स्थिर पोत्यावर सहा महिने हात साफ केलेला मुलगा हलत्या माणसापुढे उभा राहिला की गोंधळतो. ठोशात जोर असतो, पण तो पोहोचतो तेव्हा तेथे कोणी नसते. अंतर ओळखणे, वेळ साधणे, मारून लगेच सरकणे ही खेळाची अर्धी अधिक विद्या पोते शिकवीत नाही. ती माणूस शिकवतो, आणि माणूस म्हटला की त्याला डोके असते. तेव्हा पोत्यालाच माणसाचे हलणे शिकवता येईल काय, या प्रश्नावर वर्गाचे जगणे-मरणे येऊन ठेपले.

इतिहासाच्या शिक्षकास असा प्रश्न पडला की तो प्रथम कपाटाकडे जातो. प्राचीन ग्रीक लोक टांगलेल्या कातडी पिशवीवर सराव करीत. दुबळ्यांच्या पिशवीत अंजिराचे दाणे किंवा पीठ भरीत, बळकटांच्या पिशवीत वाळू. रोमन सैन्यातील नवशिक्यास माणसाच्या उंचीचा खांब पुरून देत. दुप्पट वजनाची लाकडी तरवार आणि वेताची ढाल घेऊन तो त्या खांबाचे मस्तक, कुशी, मांड्या साधीत असे, असे व्हेजिशियस लिहितो. आपल्याकडे मल्लखांब आहे. बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात त्याचा उल्लेख सापडतो, आणि पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवे तेज दिले. मल्लखांब म्हणजे मल्लाचा लाकडी प्रतिस्पर्धी. त्यातही पुरलेल्या मल्लखांबाबरोबर टांगता मल्लखांब आहे, तो साखळीवर झुलतो आणि स्वतःभोवती फिरतो. म्हणजे प्रतिस्पर्धी हलला पाहिजे हे आपल्या तालमींना कधीच उमगले होते. दक्षिण चीनमधील 'विंग चुन' विद्येचा लाकडी पुतळा लवचिक आडव्या पट्ट्यांवर अडकवितात, त्यामुळे आघात झाला की तो किंचित मागे जाऊन पुढे येतो.

या सर्वांत आम्हांस मोह पाडला तो युरोपातील मध्ययुगीन घोडेस्वारांच्या एका यंत्राने. उभ्या खांबावर फिरती आडवी दांडी. तिच्या एका टोकास ढाल, दुसऱ्यास वाळूची पिशवी. स्वाराने भाला रोखून ढालीवर मारला की दांडी गर्रकन फिरे, आणि स्वार चपळाईने निसटला नाही तर वाळूची पिशवी त्याच्या पाठीत बसे. इंग्लंडातील केंट परगण्यातल्या ऑफम या खेड्यात असे एक यंत्र आजही उभे आहे. इतके साधे यंत्र, पण ते शिष्यास विचारते, 'मारलेस खरे, पुढे काय?' लोखंडी भीम हा प्रश्न विचारीत नव्हता.

कपाट बंद करून आम्ही अंगणात आलो. प्रथम पोते भरावयाचे होते. नुसती वाळू भरली तर ती खाली बसून दगड होते आणि मुलांची मनगटे दुखावतात. म्हणून गावातल्या शिंप्यांकडून चिंध्या गोळा केल्या, बटणे व साखळ्या काढून टाकल्या, आणि थरावर थर दाबून बसविले. मधोमध वाळूच्या लहान लहान पिशव्या सोडल्या. मारणाऱ्याच्या वजनाच्या सुमारे निम्मे वजन पोत्याचे असावे, असा अनुभवी लोकांचा अंदाज आहे. आमचे पोते अठ्ठावीस किलोचे झाले. ते आंब्याच्या फांदीस लांब दोराने टांगले, आणि पहिल्याच दिवशी दिसून आले की हा तर झोपाळा आहे.

येथे आमचे विज्ञानाचे सहकारी मदतीस आले. त्यांनी फळ्यावर लंबकाचा नियम लिहिला आणि आम्हां कला शाखेच्या माणसास समजेल अशा भाषेत सांगितले की, लंबक एकदा जाऊन परत येण्यास लागणारा वेळ त्याच्या वजनावर अवलंबून नसतो, लांबीवर असतो. आधारापासून पोत्याच्या मध्यापर्यंत १ मीटर अंतर असेल तर सुमारे २ सेकंद, सव्वादोन मीटर असेल तर ३ सेकंद, ४ मीटर असेल तर ४ सेकंद. पोत्यात शिसे भरा नाही तर कापूस भरा, झोका जवळपास तोच. म्हणजे फांदीवरचे आमचे पोते ठोसा खाल्ल्यावर सव्वातीन सेकंदांनी सावकाश परत येत होते. एवढ्या वेळात खरा प्रतिस्पर्धी तीन वेळा मारून जातो. 'मग दोर आखूड करू,' असे एक विद्यार्थी म्हणाला. सहकाऱ्यांनी गणित केले. पोते एका सेकंदात जाऊन यावयास हवे असेल तर आधार त्याच्या मध्यापासून अवघ्या पंचवीस सेंटिमीटरांवर पाहिजे. म्हणजे तो पोत्याच्या पोटातच गेला. नुसत्या दोराने हे साधणार नाही हे ठरले.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म होती, आणि ती आम्हांस तालमीत बसल्यावर दिसली. चार संध्याकाळी आम्ही वही घेऊन आखाड्याच्या कडेला बसलो आणि फक्त एकच पाहिले : धक्का बसलेला माणूस कसा हलतो? माणसाचे पाय जमिनीवर असतात. छातीवर धक्का बसला की खांदे व डोके मागे जातात, पाय जागेवर राहतात, किंवा एक पाऊल मागे पडून पुन्हा रोवले जातात. पोत्याचे बरोबर उलट. त्याचे 'पाय' वर आभाळात, म्हणून ठोसा बसला की बूड दूर उडते आणि माथा जागेवर राहतो. टांगलेले पोते म्हणजे शीर्षासन केलेला प्रतिस्पर्धी! त्याखेरीज माणूस एकदा मागे गेला की तेथे थांबतो, पोत्यासारखा दहादा झुलत नाही. आणि माणूस परत येतो तो दर वेळी त्याच अंतराने येत नाही.

हे चार दोष कागदावर मांडल्यावर उपाय दिसू लागला. तंजावरची मान डोलविणारी, कलंडली तरी पुन्हा उभी राहणारी बाहुली तुम्ही पाहिली असेल. तिचा भार बुडाशी असतो, म्हणून बूड जागेवर राहते आणि डोके झुकते. आम्हांस असेच हवे होते : पोत्याचे बूड धरून ठेवावयाचे आणि माथा मोकळा सोडावयाचा. बूड धरण्यास सायकलची जुनी ट्यूब चालते. पण पोते वरून टांगलेले असता माथा मोकळा कसा सोडावा? टांगण्याची जागाच सरकती केली तर?

सरकत्या फाटकास वरून पन्हळीसारखी लोखंडी पट्टी असते आणि तीत चाके धावतात, हे सर्वांनी पाहिले आहे. आमचे यंत्र मुळात तेवढेच. आंब्याच्या फांदीवर किंवा वर्गाच्या वाशांवर भार टाकावयाचा नाही, असे आम्ही आधीच ठरविले होते. पोते पंचेचाळीस अंशांपर्यंत झुलले तर खालून जाताना साखळीवरचा ताण त्याच्या वजनाच्या दीडपटीहून अधिक होतो. अठ्ठावीस किलोचे पोते पंचेचाळीस किलोचे बनते, आणि ते उचलून आपटले तर हिसका याहून मोठा. तेव्हा दोन लोखंडी खांब पाऊण मीटर खोल पुरून सिमेंटने बांधले, त्यांना तिरपे आधार दिले, आणि सुमारे तीन मीटर उंचीवर आडवी तुळई टाकली. तुळईखाली पन्हळ, पन्हळीत चार बेअरिंगांचा लहान गाडा, गाड्यास जाड स्प्रिंग, स्प्रिंगेस फिरती कडी आणि कडीस आखूड साखळीने पोते. स्प्रिंग हिसका गिळते, कडी पोत्यास स्वतःभोवती वळू देते. गाडा मध्यापासून पुढे-मागे साठ-साठ सेंटिमीटर धावेल, म्हणजे माणसाच्या एका पावलाएवढा, अशा बेताने टायरचे तुकडे अडसर म्हणून ठोकले. पोत्याच्या बुडापासून जमिनीतल्या कडीपर्यंत सायकलची ट्यूब ताणून बांधली. ती कडी मुद्दाम मध्यापासून वीतभर बाजूस घेतली, त्यामुळे परतणारे पोते सरळ न येता किंचित तिरपे येते.

हे सर्व काम उद्यमबागेतल्या एका लहान कारखान्यात झाले. तेथील कारागिराने आमचे चित्र पाहिले, हसले, आणि पेन्सिल घेऊन ते सुधारले. चाकांना फार तेल देऊ नका, असे त्यांनी बजावले. "सर, माणूस काय बर्फावर उभा असतो? थोडं घासलं पाहिजे, तरच थांबेल." दहादा झुलण्याच्या दोषावर आम्ही जो उपाय शोधीत होतो, तो या एका वाक्यात मिळाला. चाकात थोडा अडथळा राहिल्यामुळे पोते ठोसा खाऊन मागे जाते, आणि क्षणभर तेथेच रेंगाळते.

पोते उभे राहिले त्या दिवशी मुलांचा आनंद पाहण्यासारखा होता. छातीच्या उंचीवर ठोसा बसला की माथा मागे जाई, बूड जागेवर राही. कोपऱ्यावर बसला की पोते खांदा वळविल्यासारखे वळे. गाडा आपल्या लयीत धावे, पोते आपल्या लयीत झुले, आणि या दोन लयी मिळून असे काही हलणे होई की पुढच्या क्षणी ते कोठे असेल हे चटकन सांगता येऊ नये. मुले मारून उभी राहिली की पोते येऊन त्यांच्या छातीस भिडे. आठ दिवसांत पावले हलू लागली. मारावयाचे आणि सरकावयाचे, हे सांगावे लागेना.

परंतु तीन आठवड्यांनी एक गोष्ट ध्यानी आली. मुलांनी पोते पाठ केले होते! कोणत्या ठोशास ते कसे उत्तर देते, हे त्यांच्या अंगात मुरले होते. नववीतील एक मुलगी डोळे मिटून त्याच्याशी खेळून दाखवू लागली. विज्ञानाचे सहकारी म्हणाले, ट्यूब बदला, कडीची जागा बदला. ते केले. पुन्हा तीन आठवडे. तेव्हा आम्हांस जे कळले, ते कोणत्याही स्प्रिंगेने भरून निघणारे नव्हते. पोते हलत होते, पण ठरवीत नव्हते. ठोसा बसल्यावर ते मागे जाई. ठोसा येणार हे ओळखून मात्र मागे जात नसे. माणसाचे हलणे म्हणजे केवळ धक्क्याचा परिणाम नव्हे. त्याच्या आधी एक निश्चय असतो. तो निश्चय लोखंडात भरता येत नाही.

उपाय सुचला तो त्या आठवीतल्या मुलामुळे. तो आता खेळत नव्हता. पण आईची परवानगी घेऊन कडेला बसून राहावयाचा. त्याला काहीतरी काम असावे म्हणून आम्ही एकदा गाड्यास दोर बांधला, तो मागच्या खांबावरील कप्पीवरून घेऊन त्याच्या हाती दिला आणि सांगितले, "ती मारायला आली की ओढ." तो पोत्यापासून दहा-बारा फूट मागे, खांबाच्या पलीकडे उभा राहिला. मुलीने ठोसा उगारला. दोर ओढला गेला. ठोसा हवेत! तिने दुसरा टाकला, तोही हवेत. तिसऱ्या वेळी तिने खांदा हलवून नुसता आव आणला, मुलाने दोर ओढला, आणि दोर सैल होऊन पोते परत येत असता तिचा ठोसा नेमका बसला. दोघेही हसू लागली. पोत्यास मन आले होते, आणि ते मन बारा फुटांवर सुरक्षित होते.

त्या दिवसापासून आमच्या वर्गात प्रत्येक मुलाची पाळी दोनदा येते, एकदा मुठीची आणि एकदा दोराची. नियम थोडे आहेत. दोर धरणाऱ्याने खांबाच्या पुढे यावयाचे नाही. झुलत्या पोत्याच्या मागे कोणी उभे राहावयाचे नाही. हातास पट्टी बांधल्याशिवाय मारावयाचे नाही. आणि दर शनिवारी कडी, साखळी व बोल्ट तपासल्याशिवाय वर्ग सुरू व्हावयाचा नाही. आम्हांस आधी अपेक्षित नव्हते असे एक फळ याने दिले. मारणाऱ्यापेक्षा दोर धरणारा अधिक शिकतो. ठोसा मुठीतून निघण्यापूर्वी खांद्यातून निघतो, खांद्यापूर्वी टाचेतून निघतो, हे तो समोरून पाहतो; आणि एकदा ते दिसू लागले की तो स्वतः मारताना आपली टाच लपवावयास शिकतो. आजीचे 'चुकोवपाक शिक' येथे दोन्ही टोकांना एकदम शिकले जाते.

वर्ग दिवाळीनंतर बंद झाला नाही. मुख्याध्यापक एकदा येऊन अर्धा तास उभे राहिले, दोर स्वतः ओढून पाहिला, आणि काही न बोलता गेले. दुसऱ्या दिवशी मैदानावरच्या दिव्याची व्यवस्था झाली. त्या माउलीही आल्या. त्यांना आम्ही लिहून काही दिले नाही, त्यांनीही मागितले नाही. त्यांचा मुलगा स्पर्धेत पुन्हा उतरला नाही आणि उतरणारही नाही, हे त्या मायलेकांनी मिळून ठरविले आहे. त्यात उणे असे काही नाही. आज तो वर्गातला सर्वांत अवघड 'प्रतिस्पर्धी' आहे. त्याच्या हाती दोर असला की दहावीतली मुलेही घामाघूम होतात.

ज्यांना स्पर्धेत उतरावयाचे असते त्यांना शेवटी खऱ्या माणसासमोर उभे राहावेच लागते. त्यास आमच्या पोत्याजवळ पर्याय नाही, आणि तसा दावाही आम्ही करीत नाही. ते पालकांच्या संमतीने आणि वैद्यकीय तपासणी होऊनच जातात. नववीतली ती मुलगी यंदा तशी गेली. पहिली लढत ती जिंकली, दुसरी गुणांवर हरली. परत आल्यावर आम्ही विचारले, "कसे काय झाले?" ती म्हणाली, "सर, पहिली मुलगी आपल्या पोत्याएवढी हलतच नव्हती. दुसरी हलत होती." एवढे बोलून ती पट्टी बांधू लागली. हरण्याचे इतके नेमके वर्णन आम्ही क्वचितच ऐकले आहे.

मित्रहो, हे सर्व केवळ मुष्टियुद्धाविषयी आहे असे समजू नका. आपण सर्वच जण कोणत्या ना कोणत्या लोखंडी भीमापुढे सराव करीत असतो. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करणे हा एक लोखंडी भीम. आरशासमोर उभे राहून केलेले वक्तृत्व हा दुसरा. आपल्याशी नेहमी सहमत होणाऱ्या मित्रांबरोबरचा वादविवाद हा तिसरा. या साऱ्यांनी बळ वाढते, ते व्यर्थ नाही. दुर्योधनाचेही वाढले होते. पण परीक्षेच्या कागदावर प्रश्न उलटा येतो, सभेत कोणी मध्येच उठून शंका विचारतो, आणि आयुष्य तर मांडीवरच गदा घालते. तेव्हा लोखंडाचा उपयोग होत नाही.

म्हणून सराव करताना आपल्या पोत्याचा दोर एखाद्या शहाण्या, खोडकर आणि प्रेमळ माणसाच्या हाती द्या. निबंध लिहिला की तो जो खोडून काढील त्यास दाखवा. गणित सुटले की 'दुसऱ्या रीतीने सोडव' म्हणणाऱ्याकडे न्या. तो तुमचा ठोसा हवेत घालवील. तुम्हांस राग येईल. येऊ द्या. आणि तुमची पाळी आली की तुम्हीही दुसऱ्याचा दोर तितक्याच इमानाने ओढा. सहाध्यायी या शब्दाचा याहून चांगला अर्थ आम्हांस तरी अद्याप सापडलेला नाही.